पाण्याचा कारभार आणि प्रणालीचे शास्त्र

प्रणालीविचार या नावाने जे शास्त्र विसाव्या शतकाच्या मध्यानंतर पाश्चात्त्य विद्यापीठांत आकारास आले आणि ज्याचा अंमल आज कारखान्याच्या मालसाठ्यापासून पृथ्वीच्या हवामानापर्यंत सर्वत्र चालतो, त्याचे मूळ म्हणणे फार गहन आहे असे नाही. यंत्र असो, बाजारपेठ असो की अरण्य असो, त्याचा एकेक भाग सुटा काढून कितीही बारकाईने तपासला तरी संपूर्णाचे वर्तन हाती लागत नाही. ते भागाभागांमधील संबंधांत वसत असते, आणि हे संबंध बहुधा सरळ रेषेने न जाता वळसा घेऊन आपल्याच उगमाशी परत येत असतात. या परतीच्या वळशाला परिभाषेत प्रत्याभरण आणि रोजच्या बोलण्यात फीडबॅक म्हणतात. अमेरिकेतील जे फॉरेस्टर यांनी १९६१ साली कारखान्यातील उत्पादनाचे चढउतार या वळशांच्या हिशेबाने उलगडून दाखवले. पुढे १९७२ साली त्यांच्याच शिष्यांनी साऱ्या जगाच्या लोकसंख्येचा, अन्नाचा आणि खनिजांचा ताळेबंद त्याच पद्धतीने मांडला.

या शास्त्राला चिनी तत्त्वज्ञानाची जोड देण्याची हौस पाश्चात्त्य लेखकांना फार. परस्परांना गिळू पाहणाऱ्या काळ्यापांढऱ्या अर्धकांचे यिन-यांगचे वर्तुळ व्यवस्थापनाच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर इतके वाढले आहे की ते एखाद्या कंपनीचे बोधचिन्ह वाटावे. ही हौस नवी नव्हे. लायब्निट्स या जर्मन गणितज्ञाला पेकिंगमधील एका जेझुइट पाद्र्याकडून 'यी चिंग' या ग्रंथातील चौसष्ट रेषाकृतींचा तक्ता १७०३ साली मिळाला, तेव्हा त्यात त्याला आपले द्विमान अंकगणितच दिसले, जे त्याने त्यापूर्वीच सिद्ध करून ठेवले होते. नील्स बोर यांना १९४७ साली डेन्मार्कच्या राजाकडून बहुमान मिळाला, तेव्हा त्यांनी आपल्या कुलचिन्हात यिन-यांग कोरवून घेतले. पण ते चिन्ह येण्याच्या कितीतरी आधी त्यांचे पुंजभौतिक घडून गेले होते. दोन्ही ठिकाणी चीन पाहुणा म्हणून आला आणि यजमानाचेच म्हणणे त्याच्या तोंडी घालण्यात आले. ज्याला या विषयात काही खरे शिकावयाचे आहे त्याने चिन्हे बाजूस ठेवून, चिनी माणसाने हा विचार आपल्या दप्तरात, आपल्या खोदकामात आणि आपल्या चुकांत कसा वापरला हे पाहावे, असे माझे मत आहे.

प्रथम सिद्धान्ताचा भाग थोडक्यात सांगून टाकतो. इ.स.पू. तिसऱ्या शतकात झोऊ यान याच्या नावाशी जोडली गेलेली जी पाच तत्त्वांची उपपत्ती आहे तिच्यात लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी अशी पाच नावे येतात, आणि आपल्याकडचा वाचक ती ऐकताच पंचमहाभूतांची आठवण काढतो. पण आपली पृथ्वी, आप, तेज ही पदार्थाची घटकद्रव्ये आहेत, तर चिनी पंचक हे एका अखंड चाललेल्या व्यापाराच्या पाच अवस्था आहेत, आणि त्यांच्यात दोन प्रकारची साखळी कल्पिलेली आहे. पहिल्या साखळीत प्रत्येक अवस्था पुढचीला जन्म देते: पाण्यावर लाकूड पोसते, लाकडावर अग्नी, अग्नीच्या राखेतून माती, मातीतून धातू, धातूपासून पुन्हा पाणी. दुसऱ्या साखळीत एक अवस्था एक घर सोडून पुढच्या अवस्थेला आवर घालते. म्हणजे पाणी अग्नीला विझवते, अग्नी धातूला वितळवतो, धातू लाकडाला तोडतो, लाकूड मातीला भेदते आणि माती पाण्याला अडवते. वाढवणारा वळसा आणि आवरणारा वळसा हे फॉरेस्टरप्रणीत शास्त्राचे दोन आधारस्तंभ येथे उघड दिसतात, हे नाकारता येणार नाही. तथापि या पंचकात मोजमाप नाही, किती पाण्याने किती अग्नी विझेल हे कोणी विचारलेले नाही, आणि पुढे याच पंचकाला ऋतू, दिशा, चवी, रंग, राजघराणी असे वाटेल ते चिकटवण्यात आले, तेव्हा त्याचा उपयोग विचार करण्यापेक्षा विचार टाळण्याकडे अधिक होऊ लागला. जोसेफ नीडहॅम यांनी चिनी विज्ञानाच्या आपल्या विशाल इतिहासात या परस्परसंबंधी दृष्टीचे मनापासून कौतुक केले आहे. पण तिच्या या जडत्वाची दखल घेण्यासही ते विसरले नाहीत.

सिद्धान्तापेक्षा नदी अधिक बोलकी आहे. पुराशी झुंजणाऱ्या बापलेकांची कथा चिनी मुलांना लहानपणीच ऐकावयास मिळते: गुन याने नऊ वर्षे बांध घालून पाणी अडवले आणि तो हरला, त्याचा मुलगा यू याने तेरा वर्षे चर खणून पाण्याला समुद्राची वाट करून दिली आणि तो जिंकला. ही पुराणकथा, पण सिचुआन प्रांतात दूजियांगयान येथे इ.स.पू. २५६ च्या सुमारास जे काम झाले ते मात्र आजही हात लावून पाहता येते. मिन नदी डोंगरातून सुसाट उतरून छंगदूच्या मैदानात शिरते, आणि जेथे ती डोंगर सोडते तेथेच शू मुलखाचा सुभेदार ली बिंग याने तिचा बंदोबस्त केला. धरण बांधून जलाशय करणे हा एक मार्ग होता. तो न घेता ली बिंगने नदीच्या पात्रात माशाच्या तोंडासारखा निमुळता बांध काढून प्रवाह दोन भागांत विभागला. आतला फाटा अरुंद व खोल, बाहेरचा रुंद व उथळ. पाणी उतरलेले असते तेव्हा ते स्वभावतःच खोल फाट्याकडे धावते आणि सुमारे सहा हिस्से शेतीच्या बाजूस, चार हिस्से मूळ नदीत जातात. पूर येतो तेव्हा फुगलेला लोंढा वळण न घेता सरळ रुंद फाट्यात घुसतो आणि हेच प्रमाण आपोआप उलटते. दरवाजा नाही, पहारेकरी नाही, हुकूम नाही.

आतल्या फाट्याच्या पुढे डोंगराची सोंड फोडून काढलेली जेमतेम २० मीटर रुंदीची खिंड आहे, जिच्यातून ठरावीक मर्यादेपलीकडे पाणी शिरूच शकत नाही. सुरुंगाची दारू तेव्हा ठाऊक नव्हती. परंपरा सांगते की खडक आगीने तापवून, वर थंड पाणी ओतून, तडकवून फोडला. खिंडीत न मावलेले पाणी अलीकडेच तुंबते, गरगरते आणि जेमतेम २ मीटर उंचीच्या एका लांब सांडव्यावरून उडी मारून मूळ नदीत परत जाते. जाताना आपल्या भोवऱ्याच्या जोराने तळातले गोटे आणि वाळूही उचलून नेते. जितका पूर मोठा तितका हा निचरा अधिक. नदीच्या वळणावर वरचे निवळ पाणी बाहेरच्या काठाकडे आणि तळचे गढूळ पाणी आतल्या काठाकडे सरते हा जलशास्त्राचा नियम आज सूत्रांनी मांडतात. ली बिंगच्या माणसांनी तो डोळ्यांनी पाहिला आणि शेतीच्या फाट्याचे मुख बाहेरच्या काठास ठेवले.

या कामातील मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट मात्र रचना नसून वहिवाट आहे. दरसाल हिवाळ्यात पाणी उतरले की लाकडाची तिकाटणी नदीत उभी करून, त्यांवर बांबूच्या चटया व माती लिंपून एकेक फाटा कोरडा करावयाचा, साचलेला गाळ उपसावयाचा, बांबूच्या विणलेल्या लांब करंड्यांत गोटे भरून बांधाची झीज भरून काढावयाची, आणि एप्रिलच्या आरंभी छिंगमिंगच्या सणाला तिकाटणी तोडून पाणी सोडावयाचे, असा शिरस्ता शतकानुशतके चालत आला. गाळ किती खोल काढावा याची खूण म्हणून पात्राच्या तळाशी लोखंडी दांडे पुरून ठेवलेले असत. खणता खणता लोखंड लागले की काम पुरे झाले. पाण्याची पातळी मोजण्यासाठी पात्रात दगडी पुरुष उभे केले होते, ज्यांच्या पायाखाली पाणी जाऊ नये आणि खांद्यावर चढू नये असा दंडक होता. उपसा खोल ठेवा, सांडवा ठेंगणा ठेवा, अशा अर्थाची सूचना तेथे पाषाणावर कोरलेली आहे, आणि तिचे मर्म असे की उंच सांडवा बांधून एका वर्षाची सोय करणारा अंमलदार पुढच्या पन्नास वर्षांचा गाळ आपल्याच कालव्यात साठवीत असतो. बांबूच्या करंड्यांची जागा आता बहुतेक ठिकाणी काँक्रीटने घेतली आहे, परंतु ही व्यवस्था आजही साडेसहा लाख हेक्टरांहून अधिक जमीन भिजवते, आणि २००८ च्या भीषण भूकंपात माशाच्या तोंडाला भेगा पडल्या तरी पाणी वाहणे थांबले नाही.

अशा ठिकाणी लाओत्सेचे नाव घेण्याचा मोह होतो, कारण बळजबरी न करता वस्तूच्या स्वभावातूनच कार्य साधणे हे ताओवादाचे लाडके सूत्र आहे. परंतु ली बिंग हा चिन राज्याचा नोकर होता, आणि त्या राज्याचा धर्म कठोर दंडनीती व लष्करी विस्तार हा होता. मैदान पिकवायचे ते फौजेच्या रसदेसाठी, हा हिशेबही त्यात होताच. हा सुभेदार ताओचा उपासक होता असे मानण्यास कोणताही आधार नाही. तत्त्वज्ञान आधी आणि बंधारा नंतर, असा क्रम लावणाऱ्यांनी हा तपशील ध्यानात ठेवावा. बहुधा नदीकाठच्या माणसांचे शहाणपण ग्रंथांत आणि बंधाऱ्यांत एकाच वेळी झिरपत होते.

शिवाय वाहू देणे म्हणजेच चिनी परंपरा असेही म्हणता येत नाही. पीत नदीच्या बाबतीत मिंग राजवटीतील पान जीशुन या थोर अधिकाऱ्याने (जन्म १५२१, मृत्यू १५९५) नेमका उलट पवित्रा घेतला: नदीला अनेक फाट्यांत पसरवले तर तिचा वेग मंदावतो आणि गाळ बसतो, म्हणून दोन्ही काठांचे बांध जवळ आणून प्रवाह आवळावा, म्हणजे तो आपल्याच वेगाने तळ खरवडील. युक्तिवाद बिनतोड होता, आणि त्यातही वळशाचेच तत्त्व होते. नीडहॅम यांनी प्रवाह वाहू देणारा आणि आवळणारा या दोन संप्रदायांत अनुक्रमे ताओवादी आणि कन्फ्यूशियन वृत्तीची छाया पाहिली आहे. पान जीशुनच्या बांधांनी पुष्कळ काळ काम दिले, पण गाळ त्याच्या हिशेबापेक्षा चिवट निघाला. पात्र आजूबाजूच्या शेतांहून उंच होत गेले, आणि अखेर १८५५ साली नदीने बांध फोडून आपले मुखच शेकडो मैल उत्तरेस हलवले. मार्क एल्विन यांनी चीनच्या पर्यावरणाचा तीन हजार वर्षांचा जो इतिहास लिहिला आहे तो वाचताना ध्यानात येते की निसर्गाशी एकरूप होण्याची शिकवण देणारे काव्य आणि अरण्यांचा अविरत संहार हे दोन्ही एकाच देशात, एकाच काळात, पुष्कळदा एकाच सुशिक्षित अधिकारीवर्गाच्या हातून झाले.

आता आधुनिक काळाकडे येऊ. फीडबॅकच्या शास्त्राला 'सायबरनेटिक्स' हे नाव १९४८ साली देणारे नॉर्बर्ट वीनर हे १९३५-३६ मध्ये पेकिंगच्या छिंगह्वा विद्यापीठात शिकवीत होते, आणि आपल्या आत्मचरित्रात त्यांनी त्या वर्षाला आपल्या वैज्ञानिक आयुष्यातील सीमारेषेचे स्थान दिले आहे. मात्र तेथे ते आपले सहकारी ली युक-विंग यांच्यासह विद्युत्-मंडलांवर काम करीत होते, लाओत्से वाचीत नव्हते. चिनी परंपरा आणि नवे शास्त्र यांची गाठ खऱ्या अर्थाने पडली ती छ्यान श्वेसेन यांच्या ठायी. १९११ साली जन्मलेले हे गृहस्थ अमेरिकेत थिओडोर फॉन कार्मान यांच्या हाताखाली अग्निबाणशास्त्रात तयार झाले, १९५० साली कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून स्थानबद्ध झाले, त्या सक्तीच्या रिकामपणात त्यांनी 'इंजिनिअरिंग सायबरनेटिक्स' हा ग्रंथ लिहून १९५४ साली प्रसिद्ध केला, आणि १९५५ साली मायदेशी परतून ते चीनच्या क्षेपणास्त्रांचे जनक ठरले. १९७८ साली शांघायच्या एका वृत्तपत्रात दोन सहकाऱ्यांसह लिहिलेल्या लेखाने त्यांनी प्रणाली-अभियांत्रिकी चीनच्या राज्यकारभारात आणली, आणि १९९० साली समाज, मेंदू, परिसंस्था यांसारख्या अवाढव्य, गुंतागुंतीच्या व उघड्या प्रणालींसाठी अशी पद्धत सुचवली की जिच्यात संगणकाचे आकडे आणि जाणत्यांचा अनुभव यांची बैठक एकत्र बसावी. भागांचे पृथक्करण आणि संपूर्णाचे दर्शन या दोहोंचा मेळ घालावयाचा, असा त्यांचा आग्रह होता.

पण याच छ्यान यांनी १९५८ साली, माओंनी पुकारलेल्या 'महाझेप' या उत्पादनवाढीच्या मोहिमेच्या उन्मादात, एका वृत्तपत्रात असा लेख लिहिला की शेतावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेचा हिशेब केला तर धान्याचे उत्पन्न तत्कालीन विक्रमांच्याही कितीतरी पटींनी वाढू शकते. गणित चुकीचे नव्हते; त्यात शेतकरी, खत, पाणी आणि भीतीपोटी फुगवलेले अहवाल तेवढे नव्हते. त्याच वर्षी उंदीर, माश्या, डास यांच्याबरोबर चिमणीलाही देशाची शत्रू ठरवण्यात आले, कारण ती धान्य खाते. पेकिंगमध्ये लाखो लोकांनी तीन दिवस ढोल, थाळ्या, डबे बडवून चिमण्यांना कोठेही टेकू दिले नाही, आणि त्या थकून खाली पडल्या. पिल्ले पोसण्याच्या दिवसांत चिमणी किडे खाते हे पक्षितज्ज्ञांनी तिची पोटे फाडून दाखवले, पण १९६० साली यादीतून चिमणी काढून तिच्या जागी ढेकूण घालण्यात आला तोवर शेतांतील किडीला रान मोकळे झाले होते. धातू लाकडाला आवरतो आणि पाणी अग्नीला, हे दोन हजार वर्षे पाठ करणाऱ्या देशात एका पक्ष्याचा आवर कोणालाच दिसला नाही. त्या काळी प्राचीन विद्या सरंजामी म्हणून हिणवली जात होती, ही सबब अर्धीच खरी आहे, हे वर सांगितलेल्या अरण्यांच्या कथेवरून कळते.

पुढचा प्रसंग अधिक सूक्ष्म आहे. छ्यान यांच्या ग्रंथाची सुधारून वाढवलेली आवृत्ती ज्यांच्या सहकार्याने १९८० साली निघाली ते सोंग जियान हे क्षेपणास्त्र-नियंत्रणाचे तज्ज्ञ. त्यांनी तेच नियंत्रणशास्त्र लोकसंख्येला लावले, शंभर वर्षांचे आकडे काढले, आणि चीनला पासष्ट ते सत्तर कोटी माणसे पुरेत असा निष्कर्ष मांडला. एका अपत्याचे धोरण त्याच वर्षी सप्टेंबरात जाहीर झाले त्यामागे कारणे अनेक असली तरी या आकड्यांचे वजन मोठे होते. क्षेपणास्त्राला आपल्या मार्गाविषयी मत नसते. कुटुंबाला असते, आणि मुलगाच हवा हा हट्टही असतो, ज्याचे परिणाम पुढे मुलामुलींच्या विषम प्रमाणात दिसले. २०१६ च्या आरंभी हे धोरण मागे घेण्यात आले.

अशा पार्श्वभूमीवर गू जीफा या चिनी विज्ञान अकादमीतील गणितज्ञाने आणि इंग्लंडच्या हल विद्यापीठातील झू झिचांग यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यास जी पद्धत मांडली ती मला या सर्व व्यवहारातील सर्वांत प्रामाणिक कमाई वाटते. तिचे नाव 'वूली-शिली-रेनली'. सोंग काळातील नवकन्फ्यूशियन पंडितांनी 'ली' म्हणजे वस्तुजाताच्या ठायी असलेली घडण या कल्पनेवर पुष्कळ चिंतन केले होते. गू आणि झू यांनी तिचे तीन पदर केले. जड सृष्टीची घडण जाणून घ्यायची, कामकाजाची घडण ओळखायची, आणि माणसामाणसांमधील घडण जपायची. कोणत्याही योजनेत हे तिन्ही पदर एकदमच गुंतलेले असतात. गू यांनी स्वतःच्या अनुभवाबद्दल सांगितले आहे ते असे की आरंभीच्या काळातील काही प्रकल्पांत प्रतिमाने निर्दोष बनली, अहवाल वाखाणले गेले, पण ज्यांनी ते अमलात आणायचे त्यांच्याशी मसलतच झाली नसल्याने सारे कपाटात पडून राहिले. म्हणून त्यांच्या आराखड्यात संबंधांची जुळवाजुळव ही शेवटी उरकण्याची बाब नसून प्रत्येक पायरीवर चालू ठेवण्याचे काम आहे.

हा चष्मा लावून दूजियांगयानच्याच जवळचा एक अलीकडचा मामला पाहण्यासारखा आहे. मिन नदीवर वरच्या अंगाला झिपिंगपू येथे १५६ मीटर उंचीचे धरण बांधताना, त्याचे वीजनिर्मितीबरोबर कमीजास्त होणारे पाणी सम करण्यासाठी, प्राचीन बांधापासून जेमतेम सव्वा किलोमीटरवर यांगल्यूहू नावाचे दुसरे धरण योजण्यात आले. जड सृष्टीच्या हिशेबाने गरज खरी होती, कामकाजाच्या हिशेबाने खर्चाची तजवीजही होत होती. पण स्थानिक अधिकारी, वारसास्थळाचे रखवालदार, वृत्तपत्रे आणि नागरिक यांनी २००३ साली असा गदारोळ उठवला की ऑगस्टमध्ये प्रांतिक सरकारने ती योजना रद्द केली. धरण-अभियंत्यांच्या कोष्टकात ज्याला रकानाच नव्हता त्या तिसऱ्या पदराने निर्णय फिरवला.

तरीही या पद्धतीत एक उणीव मला डाचते. मूळ चिनी मांडणीतील पहिली पायरी आहे वरिष्ठांचा हेतू नीट समजून घेणे. सरकारी नोकरीत वावरलेल्या कोणालाही तिची आवश्यकता पटेल, आणि तिचा धोकाही. हेतूच चुकला असेल तर काय? गंमत अशी की याचे उत्तर चिनी परंपरेत होते, फक्त ते या शास्त्राच्या ग्रंथांत क्वचितच येते. राजाच्या तोंडावर त्याची चूक सांगणे हे कन्फ्यूशियन अधिकाऱ्याचे कर्तव्य मानले होते आणि त्यासाठी दरबारात स्वतंत्र खाते होते. हाय रुई या मिंगकालीन अधिकाऱ्याने १५६६ साली बादशहाला त्याच्या दोषांचा पाढा वाचणारा अर्ज धाडला आणि आधीच आपल्यासाठी शवपेटी विकत घेऊन ठेवली. तो तुरुंगात गेला आणि बादशहा मेल्यावर सुटला. १९५९ साली लूशान येथील बैठकीत संरक्षणमंत्री पंग दह्वाय यांनी महाझेपेतील फुगवलेल्या आकड्यांविषयी माओंना खासगी पत्र लिहिले, ते पत्र छापून सर्वांना वाटण्यात आले, पंग यांची उचलबांगडी झाली, आणि पुढची दोन वर्षे धान्याचे खोटे अहवाल वर जात राहिले, खाली माणसे उपासमारीने मरत राहिली. गू यांच्या आराखड्यात अशा पत्रासाठी पायरी नाही. ती घालायची झाली तर पहिल्या पायरीच्याही आधी घालावी, असे मला वाटते.